नववी-दहावीतल्या मुलांनी मराठी पुस्तक हातात घ्यावं म्हणून आमच्या घरात काय केलं, ते सांगते

पुस्तकं विकत आणायच्या आधी एक छोटं काम करा. घरातल्या टीनएजर मुलाला किंवा मुलीला इंग्लिश गोष्टीच्या पुस्तकाचं एक पान मनातल्या मनात वाचायला द्या आणि मोबाईलवर टायमर लावा, मग साधारण तेवढ्याच मजकुराचं मराठी पान द्या आणि परत टायमर लावा. आधीच सांगून टाका की ही परीक्षा नाहीये, कोणाला सांगणार नाहीये, नुसतं बघायचंय. माझ्या मुलाबरोबर मी हे केलं तेव्हा तो नववीत होता, इंग्लिश मीडियमचा, घरात मात्र सगळं मराठी, आजीशी भांडतो तेही मराठीतच. इंग्लिश पान दीड मिनिटात झालं. मराठी पानाला पावणेपाच मिनिटं लागली.

मी त्या रात्री गप्पच बसले, कारण त्याआधीची दोन वर्षं मी त्याला रोज ऐकवत होते की तुला वाचनाची आवडच नाही, आमच्या वेळी आम्ही सुट्टीत लायब्ररी पालथी घालायचो, मोबाईलने तुमचं वाटोळं केलंय वगैरे. आणि इथे प्रश्न आवडीचा नव्हताच, वेगाचा होता. पावणेपाच मिनिटाला एक पान म्हणजे गोष्टीतला चोर खिडकीतून आत येऊन कपाटापर्यंत पोचायलाच पंधरा मिनिटं, तोवर कोणाचंही लक्ष उडेल, तुम्हाला-मला कोणी महिनाभर कन्नड लिपी शिकवून हातात कादंबरी दिली तर आपलं जे होईल तेच त्याचं होत होतं. नंतर त्याला शेजारी बसवून थोडं मोठ्याने वाचायला सांगितलं तर तो "चौऱ्याऐंशी"पाशी थांबला आणि वर बघून म्हणाला, "आई, म्हणजे एटी फोर ना?" मग "तिऱ्हाईत" म्हणजे कोण ते विचारलं, मग "पुनश्च"ला अडखळला. बोलायची मराठी आणि छापलेली मराठी यात केवढं अंतर आहे ते आपल्याला जाणवतच नाही कारण आपण ते दुसरी-तिसरीतच ओलांडून आलोय, ही मुलं आत्ता पंधराव्या वर्षी त्या काठावर उभी आहेत आणि आपण त्यांना वर आळशी म्हणतोय.

मराठी मीडियमच्या मुलांचं वेगळं असेल असं मला वाटायचं. पण मुलांना लिहितावाचता किती येतं ते तपासणाऱ्या 'असर' या पाहणीचा २०२३ चा रिपोर्ट १४ ते १८ वयाच्या मुलांवर होता, २६ राज्यांतल्या निवडक जिल्ह्यांतला, त्यात साधारण चारातल्या एकाला आपल्या भाषेतला दुसरीच्या पातळीचा उतारा सुद्धा सलग वाचता आला नव्हता. म्हणजे कुठल्याही मीडियमचं मूल असो, आधी वेग बघा, मग आवडीनिवडीचं बोला.

आता "हल्लीची मुलं वाचतच नाहीत" यावर माझं मत सांगते. वाचन कमी झालंय हे खरंच आहे आणि ते फक्त आपल्याकडे नाही, ब्रिटनमध्ये नॅशनल लिटरसी ट्रस्ट दरवर्षी मुलांना विचारते, २०२५ मध्ये ८ ते १८ वयाच्या तीन मुलांतल्या जेमतेम एकाने सांगितलं की फावल्या वेळात वाचायला आवडतं, वीस वर्षांतला सगळ्यात कमी आकडा. पण तुमच्या मुलाच्या फोनमध्ये एकदा त्याच्या परवानगीने बघा, मांगा म्हणजे जपानी कॉमिक्स असतील, वेबटून म्हणजे मोबाईलवर वाचायची कॉमिक्स असतील, कुठल्यातरी गेमच्या कॅरेक्टरची पानंच्या पानं हिस्टरी असेल, मॅचचं विश्लेषण असेल, माझी भाची रात्री दोन दोन वाजेपर्यंत फॅनफिक्शन वाचते, म्हणजे आवडत्या पुस्तका-सिनेमातल्या पात्रांवर चाहत्यांनीच लिहिलेल्या गोष्टी, एकेक चाळीस-चाळीस चॅप्टरची. हे वाचनच आहे, आणि आनंदाने केलेलं वाचन आहे, कोणीही मार्क देत नसताना. तिला आम्ही सगळे "मोबाईलमध्ये डोकं घालून बसते" म्हणायचो. त्यामुळे पहिली गोष्ट, जे आधीच वाचतायत त्याला नावं ठेवणं बंद करा, त्यात काय चाललंय ते विचारा आणि खरंच ऐका, कारण पुढचं मराठी पुस्तक कुठलं द्यायचं त्याचं उत्तर तिथेच मिळतं.

दुसरी गोष्ट, प्रश्न विचारणं बंद करा. माझ्या मते अख्ख्या लेखात हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. "किती पानं झाली?", "काय शिकलास यातून?", "कोणता शब्द नवीन मिळाला?", "चल, दहा ओळीत लिहून दाखव". आपण शाळेत गोष्टीखाली तात्पर्य लिहून लिहून मोठे झालो त्यामुळे आपल्याला गोष्ट संपली की हात आपोआप तात्पर्याकडे जातो, पण मुलाला तिथेच कळतं की हाही अभ्यासच आहे, फक्त पुस्तक वेगळं. मी घरात नियम केला की पुस्तकाबद्दल फक्त एक प्रश्न चालेल, "कुठे आलास?" बस. त्यानेच काही सांगितलं तर ऐकायचं, नाही सांगितलं तर भाजी चिरायची. पहिले तीन आठवडे मला हे फार जड गेलं, जीभ चावून बसायचे, पण एकदा जेवताना तो आपणहून म्हणाला, "त्या माणसाने खोटं सांगितलंय, मला शंभर टक्के माहितीये" आणि आम्ही दोघं पाऊण तास त्या खोटं बोलणाऱ्या माणसावर बोलत बसलो, आमटी गार झाली.

आता वेगाचं काय करायचं. इथे जरा नीट थांबते कारण यावर कोणी बोलतच नाही, सगळे थेट पुस्तकांच्या याद्या देतात.

वेग वाढतो तो भरपूर सोपं वाचून, अवघड वाचून नाही. पण सोपं म्हणून चौथीच्या मुलांचं दिलं तर पंधरा वर्षांच्या मुलाचा अपमान होतो, त्यामुळे विषय मोठ्यांचा आणि वाक्यं छोटी, संवाद भरपूर, अशी पुस्तकं शोधायची. पुस्तक मधूनच उघडून बघा, पानभर एकच परिच्छेद असेल तर ते आत्ता नको, अवतरण चिन्हं भरपूर दिसली तर घ्या.

त्याहून भारी उपाय म्हणजे कानाने वाचणं. आपली मुलं मराठी ऐकण्यात एकदम पक्की आहेत, कमी पडते ती फक्त नजर. म्हणून ऐकत ऐकत वाचायचं. आम्ही पु. ल. देशपांड्यांच्या कथाकथनापासून सुरुवात केली, त्यांच्या स्वतःच्या आवाजातलं 'सखाराम गटणे' यूट्यूबवर लावायचं आणि समोर 'व्यक्ती आणि वल्ली' उघडं ठेवायचं. आवाज पुढे पळतो त्यामुळे नजरेला पण पळावं लागतं, आणि विनोद आवाजात आधीच कळलेला असतो त्यामुळे शब्द अडला तरी गाडी थांबत नाही. सांगताना आणि छापील यात मध्येमध्ये फरक आहे, एखादं वाक्य पुढेमागे होतं, तर माझ्या मुलाने तो खेळच करून टाकला, फरक सापडला की पेन्सिलने बारीक टिंब. पुस्तकात लिहू नये वगैरे मी काही बोलले नाही, आपलं स्वतःचं होतं. सखाराम गटणे हा स्वतःच सतत पुस्तकं वाचून पुस्तकी मराठी बोलणारा पोरगा, त्यामुळे जे शब्द मुलांना अवघड वाटतात तेच शब्द तिथे गमतीचे होतात, हा फायदा मला नंतर लक्षात आला. ऑडिओबुकच्या ॲपवर पण आता मराठी भरपूर आहे, पद्धत तीच, कानात हेडफोन आणि मांडीवर पुस्तक, आठवड्यातून तीन वेळा पंधरा-पंधरा मिनिटं. आवाजाचा स्पीड आधी पाऊण ठेवा, मग नॉर्मल.

दुसरा उपाय आमच्या ह्यांनी केला. जेवणं झाली की ते मोठ्याने पंधरा मिनिटं वाचायचे, कोणाला बसा म्हणायचे नाहीत, मी ओटा आवरत असायचे, मुलगा बॅग भरत असायचा. वाचताना बरोबर मोक्याच्या जागी थांबायचे, म्हणजे दार वाजलं, दार उघडलं, आणि "चला, उद्या". पुस्तक पानात खूण घालून टेबलावर तसंच ठेवायचं, कपाटात नाही. चौथ्या की पाचव्या दिवशी खूण बारा पानं पुढे सरकलेली होती. आम्ही दोघांनी ती बघितली आणि काहीही बोललो नाही, ह्यांनी दुसऱ्या दिवशी नव्या खुणेपासून वाचायला घेतलं. मोठ्या मुलांना कोण वाचून दाखवतं असं वाटत असेल तर करून बघा, त्यांना लाज वाटत नाही, आपल्यालाच वाटते.

तिसरा उपाय ज्यांची मुलं इंग्लिश खूप वाचतात त्यांच्यासाठी. जी गोष्ट इंग्लिशमध्ये वाचून झालीये, पाठ आहे, तीच मराठीत द्या. हॅरी पॉटर मराठीत आहे. पुढे काय होणार ते माहिती असल्यामुळे नजर धडाधड पळते, आणि कुठल्या शब्दाला मराठीत काय केलंय यावरून मुलांच्या इतक्या चर्चा होतात की विचारू नका. अमेरिकेत राहणाऱ्या माझ्या बहिणीच्या मुलीला हाच उपाय लागू पडला, तिची मराठी तर फक्त आईबाबांशी आणि शनिवारच्या फोनवर आजीशी.

पुस्तकं कुठली, हे आता सांगते, पण ही माझी निवड आहे, तुमच्या घरातलं मूल बघून बदला. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे अजून चालतो, वाक्यं तुरुतुरु पळतात. चौदाच्या पुढे मात्र रहस्य आणि भीती, याला तोड नाही. सत्यजित राय यांचा गुप्तहेर फेलूदा अशोक जैन यांच्या मराठी अनुवादात आहे, पुस्तकं बारीक, एका बैठकीत होणारी, आणि संपूर्ण पुस्तक संपवल्याचं समाधान ही वेगळीच गोष्ट आहे. रत्नाकर मतकरींच्या गूढकथा द्या, एकेक कथा दहा-पंधरा पानांची. 'तुंबाड' सिनेमा बघितलेल्या मुलाला सांगा की त्याची कल्पना नारायण धारपांच्या एका कथेवरून सुचली होती आणि लायब्ररीत धारपांची अख्खी रांग आहे, मग तुम्हाला काहीच करावं लागणार नाही. विज्ञानवाल्या मुलांना जयंत नारळीकरांच्या कथा. मिलिंद बोकिलांची 'शाळा' नववीतल्या मुलाच्या तोंडून आहे, आणीबाणीचा काळ, पण वर्ग, मित्र, आवडणारी मुलगी हे सगळं आजचंच वाटतं आणि भाषा बोलायचीच आहे. त्यात शिव्या आहेत, प्रेम आहे, म्हणून बरेच आईबाबा कचरतात. मी दिली. पंधरा वर्षांच्या मुलाला आपल्या वयाचा माणूस मराठी पुस्तकात भेटणं मला जास्त गरजेचं वाटलं.

व्यंकटेश माडगूळकर माझे सगळ्यात लाडके, 'बनगरवाडी' छोटीशीच आहे, पण पहिल्या सहा महिन्यात देऊ नका, माणदेशातले शब्द शहरातल्या मुलाला अडतात आणि इतकं सुंदर पुस्तक अर्धवट राहतं. वेग आला की द्या.

आणि सिनेमा बघून मूल स्वतः काही मागत असेल तर यादीबिदी सगळं बाजूला. २०२५ मध्ये 'छावा' आला तेव्हा आमच्या सोसायटीतली चार-पाच मुलं शिवाजी सावंतांची कादंबरी मागत आली होती. जाडजूड पुस्तक, भाषा वजनदार, त्यामुळे मोठ्यांचं पहिलं वाक्य काय, "अरे तुला झेपणार नाही". असं म्हणू नका हो. द्या हातात, म्हणा की पहिल्यापासून वाचायलाच पाहिजे असं काही नाही, जो प्रसंग सिनेमात आवडला तो आत शोध. एका मुलीने अशीच मधली ऐंशी-नव्वद पानं वाचली आणि परत दिलं. ऐंशी पानं मराठी, स्वतःहून, अजून काय पाहिजे.

अर्धवट सोडायची परवानगी आधीच देऊन ठेवा. आमच्याकडे तीस पानांचा नियम आहे, तीस पानं वाचून नाही आवडलं तर बंद, कारण सांगायचं नाही. आपणही तर सीरिजचा पहिला एपिसोड बघून सोडून देतोच की.

पैसे घालायची गरज नाही, हे मुद्दाम सांगते. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय आणि जुने अंक बालभारतीच्या साइटवर फुकट आहेत, तुमच्या स्वतःच्या लहानपणीचा अंक शोधून दाखवा, जाहिराती आणि चित्रं बघायला तरी मुलं थांबतात. जवळची लायब्ररी शोधा, आपल्या राज्यात १९६७ च्या कायद्यामुळे गावोगावी अनुदानावर चालणारी वाचनालयं आहेत, काही तर फारच जुनी, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ चं. मेंबर होताना दोन गोष्टी विचारा. एक, मुक्तद्वार आहे का, म्हणजे मुलाला स्वतः कपाटांमधून फिरून पुस्तक काढता येतं का, कारण काउंटरवर नाव सांगून पुस्तक मागायचं असेल तर ज्याला काय वाचायचंय हेच माहिती नाही तो मागणार काय. दोन, चौदा-पंधराच्या मुलाला कुठल्या विभागाचं कार्ड मिळतं. बालविभागात त्याला लहान मुलांबरोबर लाज वाटते आणि मोठ्यांच्या विभागाचं कार्ड वयामुळे मिळत नाही, असं आमच्याबाबतीत झालं, मग मी माझ्या नावावर कार्ड काढलं आणि त्याच्या हातात दिलं. कार्ड त्याच्या पाकिटात राहतं, माझ्या पर्समध्ये नाही.

एका शाळेतलं बघितलेलं सांगते, काचेच्या कपाटात इतकी छान पुस्तकं, कुलूप लावलेलं, किल्ली कोणाकडे ते वर्गातल्या एकाही मुलाला माहिती नाही, आणि भिंतीवर वाचन प्रेरणा दिनाचा बॅनर. फार वाईट वाटलं मला. घरातलं कपाटही असंच असतं कधीकधी, काच पुसून ठेवलेली आणि पुस्तकं नीट रांगेत, हात लावायची भीती वाटावी अशी. पुस्तकं सोफ्यावर, बाथरूमच्या बाहेरच्या स्टुलावर, गाडीत, जेवणाच्या टेबलावर अशी पडू द्या.

दिवाळी अंक विसरू नका, दिवाळीनंतर बऱ्याच लायब्रऱ्यांमध्ये थोड्या वर्गणीत महिनोन्महिने अंक बदलून नेता येतात. अंकात कथा असते, व्यंगचित्र असतं, प्रवास असतो, कोडं असतं, मुलगा काय उघडतो ते नुसतं लांबून बघा. सुट्टीत पाचगणी-महाबळेश्वरला जाणार असाल तर वाटेतच भिलार आहे, २०१७ पासून पुस्तकांचं गाव, घराघरात वेगवेगळ्या प्रकारची पुस्तकं मांडलीयेत आणि कोणीही फुकट बसून वाचू शकतं. तिथे अर्धा दिवस ठेवा, तासभर नको, पहिला तास मुलं फोटो काढण्यातच घालवतात.

फोनचं म्हणाल तर एकच नियम टिकला, बाकी सगळे मोडले. रात्री साडेदहाला घरातले सगळे फोन हॉलमध्ये चार्जिंगला, आमचे पण. ह्यांचा ऑफिसचा फोन असला तरी. नियम फक्त मुलाला लावला होता तेव्हा तीन दिवस टिकला. आणि फोन ठेवल्यावर "आता वाच" म्हणायचं नाही, तो पंख्याकडे बघत पडला तरी चालेल, कंटाळा येऊ द्या, उशीपाशी मतकरी आहेतच.

दहावीचं वर्ष असेल तर सगळं बंद करू नका प्लीज. क्लास, सराव परीक्षा, सगळं मान्य, पण दहा मिनिटांची एक कथा झोपताना होते. पाठ्यपुस्तकाचाही उपयोग करा, धड्याच्या सुरुवातीला किंवा खाली तो कुठल्या पुस्तकातून घेतलाय ते बऱ्याचदा छापलेलं असतं, एखादा धडा मुलाला खरंच आवडला तर ते अख्खं पुस्तक शोधून आणा, पण बोर्डाचा पेपर संपल्याच्या संध्याकाळी द्या, आधी नाही, आधी दिलं की तोही पोर्शन होतो.

टायमर परत सहा महिन्यांनी लावा, मध्ये नको. आमचं पावणेपाचचं सव्वादोन झालं होतं. भाचीला अजून वेळ लागतोय, ती म्हणते मला मराठीत फॅनफिक्शन मिळालं तर वाचेन, तर आता ती स्वतःच एक लिहितेय, फोनवर, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही, आणि घरात कोणीही ते दुरुस्त करायचं नाही असं मी सगळ्यांना बजावलंय.

आणि लायब्ररीचं पुस्तक वेळेत परत गेलं नाही, दंड बसला, तर तो तुम्ही भरा, मुलाच्या पॉकेटमनीतून कापू नका. आमचे मागच्या महिन्यात बावीस रुपये झाले. काउंटरवरच्या काकूंनी फोनवर मुदत वाढवून मिळते असं सांगितलं, तो नंबर मुलाने स्वतःच सेव्ह करून घेतलाय.